हिरडा, चामडे आणि आपण

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की वर्गशिक्षक म्हणून आम्हांला एक काम असते. नव्या मुलांची माहिती रजिस्टरात भरून घ्यायची. नाव, वालिदचे नाव, गाव, तालुका आणि मग एक रकाना : वालिदांचा पेशा. रत्नागिरीतल्या आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत या रकान्यात साधारणपणे ठरलेली उत्तरे येतात. मच्छीमारी, खलाशी, रिक्षा, आंब्याची बाग, दुबई, कुवेत. काही वर्षांपूर्वी आठवीच्या एका मुलाने तिथे फक्त ‘बिझनेस’ असे लिहिले. कसला बिझनेस, असे आम्ही विचारले तेव्हा तो गप्प राहिला. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘चमडेवाला’ म्हणाले आणि वर्ग हसला.

मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेतले. त्याचे अब्बा धारावीत बॅगा आणि पाकिटे शिवणाऱ्या एका कारखान्यात कारागीर होते. ईदला आणि मे महिन्यात गावी यायचे. “सर, चमडा लिहिलं तर मुलं नाक धरतात,” तो म्हणाला. आम्ही पुढच्या तासाला वर्गाला चांगले झापले, कोणतेही काम हलके नसते वगैरे बोललो. पण बोलता बोलताच आमच्या ध्यानात आले की या विषयावर आम्हांला स्वतःला दोन वाक्यांपलीकडे काही सांगता येत नाही. कानपूर, आग्रा, चेन्नई ही चामड्याच्या उद्योगाची केंद्रे आहेत, हे भूगोलातले एक वाक्य. चामड्याच्या निर्यातीतून परकीय चलन मिळते, हे दुसरे. बी.एड.ला आम्ही पाठ कसा घ्यावा ते शिकलो होतो, पण पाठात घालायला मालच नव्हता. पुढे जमेल तसे वाचत गेलो, विचारत गेलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो आहोत.

आधी एक भाषेची गंमत. मराठीत जनावराच्या अंगावरचे ते कातडे आणि त्यावर प्रक्रिया झाली की ते चामडे. उर्दूत पहिल्याला खाल म्हणतात आणि दुसऱ्याला चमडा. या दोहोंमधली जी क्रिया, तिला मराठीत ‘कमावणे’ म्हणतात. पैसा कमावतात तसेच कातडेही कमावतात. उर्दूत हिचे नाव दबागत, आणि ती करणारा दब्बाग. कच्चे कातडे दोन दिवसांत सडू लागते, कमावलेले चामडे पिढ्यान्‌पिढ्या टिकते. या उद्योगाचे सारे अर्थकारण या एका क्रियेत आहे. कातडे विकणारा देश गरीब राहतो आणि कमावलेले, त्याहून शिवलेले चामडे विकणारा देश श्रीमंत होतो. पुढे जो इतिहास येईल तो बहुतेक याच एका ओळीचा आहे.

कोकणाचा आणि चामड्याचा संबंध फार जुना. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने आपल्या वृत्तान्तात ठाणे बंदराचे वर्णन केले आहे. तिथे मिरी पिकत नाही हे तो नमूद करतो. पण या बंदरातून नाना प्रकारचे उत्तम चामडे आणि सुती कापड बाहेर जाते, असे तो सांगतो. शेजारच्या गुजरातबद्दल लिहिताना शेळी, बैल, म्हैस यांची कमावलेली चामडी जहाजे भरभरून अरबस्तानात जातात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे अरबी समुद्राच्या या काठावर कमावलेल्या चामड्याची निर्यात सातशे वर्षांपूर्वी चालू होती, आणि जात होता तो पक्का माल, कच्चा नव्हे. आपल्या पूर्वजांपैकी कितीतरी जण त्याच गलबतांवर नाखुदा आणि खलाशी होते. घोडे, खजूर, मोती येताना आणि कापड, चामडे जाताना.

तेव्हाच्या जगात चामड्यावाचून पान हलत नव्हते. आज आपण चामडे म्हटले की बूट आणि पट्टा एवढेच आठवतो. देशावर विहिरीचे पाणी शेताला मिळायचे ते मोटेने, आणि मोट चामड्याची. कोकणात रहाटाला मडकी बांधायची रीत असल्यामुळे आपल्याकडे मोट फारशी दिसली नाही, पण घाट चढून वर गेले की दर विहिरीवर मोट आणि तिच्यासाठी दर दोन-चार वर्षांनी नवे चामडे. बैलाचे जोते, घोड्याचा लगाम आणि खोगीर, तलवारीचे म्यान, ढाल, तेला-तुपाचे बुधले, भात्याचे चामडे, डफ आणि ताशा. मुंबई-पुण्यात घरोघर पाणी पोचवणारा भिश्ती आणि त्याची पखाल. आणि आम्हां शिक्षकांना विशेष जवळची गोष्ट म्हणजे किताबांची बांधणी. उंटावरच्या प्रवासापासून मदरशाच्या कपाटापर्यंत कित्येक हस्तलिखिते चामड्याच्या वेष्टनामुळे वाचली.

मुस्लिम जगात दबागतीला कमी लेखण्याचे धार्मिक कारण नव्हते. कातड्याची दबागत झाली की ते पाक होते, हा फिकहचा जुना नियम आहे. आपल्या कोकणातल्या शाफई मसलकातही डुक्कर आणि कुत्रा वगळता तो मान्य आहे. अंदलूसमधल्या कुर्तुब्याचे बकऱ्याचे चामडे युरोपभर इतके नावाजले की इंग्रजीत उत्तम बूट शिवणाऱ्याला त्या शहरावरून ‘कॉर्डवेनर’ म्हणू लागले. मोरोक्कोचे नाव तर पुस्तकबांधणीच्या चामड्याला आजही चिकटून आहे. असे असताना आमच्या वर्गातली मुले नाक का धरतात? याचे उत्तर शरीअतमध्ये सापडणार नाही, बिरादरीत सापडेल. मसावातच्या गोष्टी आपण जुम्म्याला ऐकतो, आणि निकाहाची बोलणी निघाली की कसाई, खाटीक, मोची, डबगर यांची घरे वेगळी मोजतो. हे आपण या मातीतून उचलले असे म्हणून मोकळे होता येते. पण उचलले ते आपणच.

मातीतली ती साखळी कशी होती तेही पाहिले पाहिजे. गावात जनावर मेले की ते ओढून नेणे आणि सोलणे हे महारांवर लादलेले. कातडे कमावायचे ढोरांनी, चपला-मोटा शिवायच्या चर्मकारांनी. कापलेल्या जनावराचे मांस आणि कातडे खाटकांकडे. आणि गावोगावची कातडी गोळा करून, मीठ लावून शहरात पाठवणारा व्यापारी पुष्कळदा मुसलमान. एका कातड्यावर पाच घरांची चूल पेटायची आणि त्या पाचही घरांना गाव शिवत नसे किंवा दूर धरत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. मार्च १९२७ मध्ये महाडला जी परिषद भरली, तिने मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडून देण्याचे आवाहन केले. त्यात उत्पन्नाचा एक हिस्सा बुडणार होता हे सर्वांना माहीत होते. तरी माणसांनी ते सोडले. चामड्याच्या इतिहासात रुपये-आण्यांबरोबर हा हिशेबही मांडावा लागतो. निर्यातीचे आकडे सांगताना तो विसरण्याची आपल्याला सवय आहे.

आता आमच्या मनाला सर्वांत भावलेल्या भागाकडे येतो. तो म्हणजे हिरडा.

कातडे कमवायला झाडपाल्यातले एक तुरट द्रव्य लागते, त्याला टॅनिन म्हणतात. बाभळीची साल, तरवडाची साल, ऐनाची साल आणि हिरड्याचे फळ यांत ते भरपूर असते. कच्च्या सुपारीने किंवा कोवळ्या फणसाने जीभ आखडते, तोच गुण. जुन्या पद्धतीत कातडे आधी चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, केस आणि मांसाचे तुकडे खरवडून काढायचे, मग साल आणि हिरड्याच्या काढ्यात दिवसेंदिवस मुरवायचे. कोल्हापूरकडचे ढोर तर कातडेच पिशवीसारखे शिवून, त्यात साल-हिरड्याचे पाणी भरून टांगून ठेवीत. पाणी हळूहळू पाझरते आणि कातडे आतून बाहेर कमावले जाते. चवीला तुरट असणारे हे फळ आपल्या घरात आजीच्या बटव्यातले औषध म्हणून माहीत असते. बाळहिरडा पोटाला. पण पिकून वाळलेला मोठा हिरडा पोटासाठी नव्हता, तो विलायतेला जात होता.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या चामड्याच्या कारखान्यांना हिंदुस्थानी हिरडा फार लागू लागला. सह्याद्रीच्या जंगलात गोळा झालेला हिरडा बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून बंदरांवर येई आणि तिथून मुंबईमार्गे बोटीने परदेशी जाई. व्यापारात त्याच्या प्रती ठरलेल्या होत्या आणि प्रतीला गावाचे नाव होते. एक ‘जबलपूर’, एक ‘भिमली’ म्हणजे आंध्र किनाऱ्यावरचे भीमुनिपट्टणम, आणि एक ‘विंगोर्ला’. हे विंगोर्ला म्हणजे आपले वेंगुर्ले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यातच होते. इंग्लंडातल्या कुठल्याशा थंड गावातला चामडे कमावणारा माणूस ‘विंगोर्ला’ हे नाव घेऊन माल मागवीत होता, आणि इथे आमच्या मुलांना वाटते की चामड्याशी आपल्या किनाऱ्याचे काही देणेघेणे नाही.

या व्यापारात काय उलटेपालटे चालले होते तेही पाहा. इथून कच्चे कातडे बाहेर जात होते. ते कमवायचा हिरडाही इथूनच बाहेर जात होता. दोन्ही गोष्टी समुद्र ओलांडून एकत्र येत, त्यांचे चामडे होई, चामड्याचे बूट होत, आणि ते बूट मुंबईच्या दुकानात साहेबासाठी परत येत. जंगलात उन्हातान्हात हिरडा वेचणाऱ्या बाईला पायलीमागे जे पडत असेल ते असेल, पण त्या बुटाच्या किमतीत तिचा वाटा शोधायला भिंग घ्यावे लागेल. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये वॅटल नावाच्या झाडाची मोठी लागवड झाली आणि तिच्या सालीचा तयार अर्क जगभर जाऊ लागला. क्रोम नावाच्या रासायनिक क्षाराने कमावण्याची रीत १८८४च्या सुमारास अमेरिकेत निघाली होतीच. जे काम हिरड्याला आठवडे लागत, ते क्रोम दिवसांत करू लागला. हिरड्याचा भाव गेला. आज हिरडा वेचला जातो, पण विंगोर्ला हे नाव बाजारातून पुसले गेले आहे.

मद्रासकडची हकीकत वेगळी आहे आणि आपल्याला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तिथे तरवडाची साल मुबलक. ती वापरून अर्धवट कमावलेले चामडे परदेशात ‘ईस्ट इंडिया’ या नावाने ओळखले जाई. हा धंदा मोठ्या प्रमाणात मुसलमान व्यापाऱ्यांच्या हाती होता. वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट, मेलविशारम ही पालार नदीकाठची गावे. १९०३च्या सुमारास मद्रास सरकारचे अधिकारी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोमचे प्रयोग तिथेच सुरू केले. पण आम्हांला त्या गावांबद्दल आदर वाटतो तो दुसऱ्याच कारणाने. वाणियंबाडी आणि आंबूर या तमिळ मुलखातल्या गावांत आजही उर्दू घराघरांत बोलली जाते, आणि वाणियंबाडीचे इस्लामिया कॉलेज १९१९ साली उभे राहिले ते चामड्याच्या पैशावर. मेलविशारमचे सी. अब्दुल हकीम हे कातड्याचे व्यापारी, त्यांच्या नावे पुढे तिथे कॉलेज निघाले. ज्या वासाने आमची मुले नाक धरतात त्या वासातून तिथे ग्रंथालये आणि प्रयोगशाळा झाल्या. आमच्याकडे आखाती पैशातून काय झाले याचा विचार वाचकांनी आपापल्या मोहल्ल्यात उभे राहून करावा. सगळीकडे वाईटच चित्र आहे असे आम्ही म्हणत नाही, पण संगमरवर पुष्कळ दिसतो.

राज्यकर्त्यांचे धोरण थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धापूर्वी कलकत्त्याचा कच्च्या कातड्याचा व्यापार जर्मन पेढ्यांच्या हातात होता. युद्ध पेटले आणि लक्षावधी शिपायांना बूट, पट्टे, खोगिरे लागू लागली तेव्हा सरकारला एकदम या उद्योगाची किंमत कळली. १९१७ साली म्युनिशन्स बोर्ड स्थापन झाले आणि कातड्याचा व्यवहार त्याच्या देखरेखीखाली आला. त्या बुटांत पाय घालून मेसोपोटेमियाला गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले शिपाई कमी नव्हते. युद्धानंतर १९१९ मध्ये कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर १५ टक्के जकात बसवली गेली, पण साम्राज्यातल्या देशांत माल गेला तर त्यातली १० टक्के परत. म्हणजे कातडे इथे राहावे यापेक्षा ते जर्मनीऐवजी इंग्लंडला जावे हा हेतू ठळक. १९२३ साली जकात ५ टक्क्यांवर आली. खरे धोरण बदलायला स्वातंत्र्यानंतरही पाव शतक जावे लागले. सीतारामय्या समितीच्या शिफारशीनंतर १९७३ मध्ये कच्च्या कातड्याची निर्यात बंद झाली आणि अर्धवट कमावलेल्या मालावर मर्यादा आली. तिथून पुढे देशात पक्के चामडे, बूट, बॅगा, कोट तयार करणारे कारखाने वाढले. मार्को पोलोने ठाण्याला पाहिलेली गोष्ट सातशे वर्षांनी कायद्याने परत आणावी लागली, असे म्हणायला हरकत नाही.

मुंबईत या इतिहासाचा एक मोठा माणूस आहे, ज्याचे नाव आपल्या शाळांत घेतले जात नाही. सर आदमजी पीरभाई. जन्म १८४६, दाऊदी बोहरा समाजातले, गरिबीतून वर आलेले. लष्कराला तंबू पुरवता पुरवता ते गिरणीमालक झाले. नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली ती त्यांच्या घराण्याच्या पैशावर आणि त्यांच्या मुलाच्या जिद्दीवर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. या पीरभाईंचा लष्करी बूट आणि चामडे यांचा मोठा कारखाना धारावीत होता. सहलीला गेलेली मुले माथेरानच्या गाडीत खिडकीसाठी भांडतात, तेव्हा या रुळांखाली तंबू, कापूस आणि धारावीचे चामडे अंथरले आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. मागच्या सहलीला आम्ही सांगितले. दोघांनी ऐकले असावे.

धारावीच का, याचे उत्तर नकाशात आहे. वांद्र्याला मुंबईचा कत्तलखाना होता. माहीमच्या खाडीच्या अलीकडे धारावी, मूळची कोळ्यांची वस्ती. शहराला मांस हवे होते पण वास नको होता, म्हणून कातडे कमावण्याचे काम शहराच्या त्या वेळच्या वेशीवर ढकलले गेले. खाडीचे पाणी, मोकळी जागा, जवळ कत्तलखाना. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत तिथे टॅनऱ्या उभ्या राहिल्या. त्या काढल्या प्रामुख्याने तमिळ मुसलमानांनी, तिरुनेलवेलीकडून आलेल्या. पाठोपाठ तमिळ दलित कामगार आले, मग महाराष्ट्रातले चर्मकार, उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर. शहर वाढत वाढत पुढे गेले आणि वेशीवरची धारावी मध्यभागी आली. १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला. ऐंशी-नव्वदच्या दशकात प्रदूषणाच्या कारणाने टॅनऱ्या हलल्या, पुष्कळ बंद झाल्या, काही मद्रासकडे गेल्या. उरले ते शिवण्याचे काम. १९९२-९३च्या दंगलीत धारावी होरपळली. गल्ल्या सावरल्या आणि आरी-रापीचे आवाज पुन्हा सुरू झाले. आज तिथे चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून तयार चामडे येते आणि त्याच्या बॅगा, पट्टे, पाकिटे, जॅकेटे होतात. सायन-वांद्रे लिंक रोडच्या दुकानांत जे दिसते ते थोडे. अधिक माल दुसऱ्याच्या नावाचे लेबल लावून बाहेर पडतो. आमच्या विद्यार्थ्याच्या अब्बांनी एकदा हसत सांगितले होते, “सर, आमची बॅग इमानात बसून परदेशी जाते, आम्ही मात्र जनरल डब्यात.”

प्रदूषणाचा उल्लेख ओघात केला, पण त्यावरून घाईने पुढे जाणे बरे नव्हे. क्रोमचे पाणी विहिरीत उतरले की विहीर मेली. १९८७ साली कानपूरच्या टॅनऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने गंगेसाठी कडक आदेश दिला, आणि १९९६ साली पालार खोऱ्यातल्या टॅनऱ्यांवर. ज्या वाणियंबाडीचे आम्ही वर गुणगान केले, तिथल्याच शेतकऱ्यांच्या जमिनी नापीक झाल्या होत्या. हा आपल्या उद्योगावरचा हल्ला आहे, असे त्या वेळी काही मंडळींनी म्हटले असेल. आम्ही तसे मानत नाही. ज्या पाण्याने वुजू करायचा ते विषारी करून कमावलेला पैसा कितीही हलाल असला तरी त्यात खोट आहेच. आणि टॅनरीत उघड्या हातांनी काम करणारा मजूर त्या शेतकऱ्याइतकाच भाजला गेला, त्याच्यासाठी खटला कुणी लढला नाही.

पुढचा घाव मात्र निराळ्या जातीचा होता. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. मूळ विधेयक १९९५ मध्ये मंजूर झालेले, राष्ट्रपतींची संमती वीस वर्षांनी मिळाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले गोमांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. या कायद्याची चर्चा आपल्याकडे फक्त खाण्याच्या अंगाने झाली आणि आपणही त्याच सापळ्यात अडकलो. कुरेशी बांधवांचा रोजगार गेला हे खरे. पण भाकड बैल विकून नव्या बैलाचे पैसे उभे करणारा शेतकरी बहुतांशी हिंदू होता. मोठ्या जनावराच्या कातड्यावर चपलेचा तळ करणारा कारागीर चर्मकार होता. कोल्हापूरच्या कारागिरांना चामडे दुरून, जास्त भावाने आणावे लागू लागले. म्हशीचे कातडे कायद्याने चालते, पण रस्त्यात ट्रक अडवणाऱ्या टोळक्याला म्हशीचे आणि बैलाचे कातडे ओळखता येत नाही, किंवा ओळखायचे नसते. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. महाडला १९२७ साली जे काम सोडायला सांगितले होते, ते नव्वद वर्षांनीही काही जणांच्या वाट्याला होते, आणि ते केले म्हणून मारही त्यांनाच.

कोल्हापुरी चपलेची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. तिचे चामडे अजून साल आणि हिरड्यानेच कमावतात, म्हणजे आमचा हिरडा तिथे जिवंत आहे. तिला खिळा लागत नाही, वेणी घालण्याचे आणि शिवणाचे नाजूक काम पुष्कळसे बायका करतात. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे महाराष्ट्राचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार कर्नाटकाचे. सीमेवरून भांडणाऱ्या दोन राज्यांना एका चपलेने एका अर्जावर सही करायला लावली. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच सपाता दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. इकडे ओरड झाली, मग कंपनीने मूळ मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घेण्याचे जाहीर केले. किंमत जोडामागे सुमारे ८०० युरो. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत तसा जोड किती रुपयांना मिळतो ते वाचकांना ठाऊक आहे. विंगोर्ला हिरड्याच्या वेळी जो हिशेब होता तोच हा. फरक इतकाच की या वेळी गावाचे नाव सांगून ओरडता आले.

देशाच्या पातळीवर पाहिले तर चामडे, चामड्याच्या वस्तू आणि पादत्राणे यांची निर्यात २०२२-२३ मध्ये ५ अब्ज डॉलरच्या वर होती. या उद्योगावर सुमारे ४४ लाख माणसे पोसली जातात असे सरकारी आकडे सांगतात. मोठी गिऱ्हाइके अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, इटली. गिऱ्हाईक एक असले की काय होते ते ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले. अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला आणि आंबूर-आग्र्याच्या ऑर्डरी अडकल्या. ४४ लाख म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या अडीच पटीहून जास्त माणसे. त्यांत सर्वाधिक मुसलमान आणि दलित आहेत, हे सांगायला आकड्याची गरज नाही, कोणत्याही गल्लीत जाऊन नावे विचारावीत. महाराष्ट्रात संत रोहिदासांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ १९७४ पासून आहे. ते चर्मकार समाजासाठी आहे आणि असावेच. पण त्याच बाकावर शेजारी बसून तीच बॅग शिवणारा मुसलमान कारागीर कोणत्या खिडकीत अर्ज करतो, हा प्रश्न आमच्या मनात राहतो. धारावीच्या पुनर्विकासाचे काम २०२२च्या बोलीनंतर अदानी समूहाकडे गेले. घरे मिळतील असे सांगतात. पोटमाळ्यावरच्या कारखान्याचे काय, याचे उत्तर त्या मुलाच्या अब्बांना अजून मिळालेले नाही.

बकरी ईदची एक आठवण सांगून थांबतो. आमच्या मोहल्ल्यात कुर्बानीच्या खाली मदरशाला देण्याची रीत आहे. आम्ही लहान असताना त्या गोळा करायला सायकली फिरत, खालींना भाव असे, आणि मदरशाचा काही महिन्यांचा खर्च त्यावर निघे. २०१५ नंतरच्या वर्षांत भाव उतरत गेला. मग एका ईदला व्यापारी आलाच नाही. बकऱ्याच्या खालीचे वीस रुपयेही सुटत नाहीत, मिठाचे आणि टेम्पोचे पैसेही अंगावर येतात, असे त्याने फोनवर सांगितले. पावसाळ्याचे दिवस, दुसऱ्या दिवशी दुपारी वास सुटला आणि जमातीच्या पोरांनी खड्डा खणून सगळ्या खाली पुरल्या. पुढच्या वर्षी तो आठवीतला मुलगा दहावीत होता आणि त्याचे अब्बा गावी आले होते. त्यांनी जोहरपूर्वीच पोरांना जमवले. खाल उलटी पसरायची, चरबी खरवडायची, मीठ चोळून कडेपर्यंत न्यायचे, घडी घालायची ती केस बाहेर ठेवून. मुलगा बापाच्या शेजारी उकिडवा बसून बाकीच्यांना हात कसा फिरवायचा ते दाखवत होता. नाक कुणी धरले नव्हते, दोन्ही हात मिठाने भरलेले होते. तीन दिवसांनी त्या खाली धारावीच्या ओळखीने एका व्यापाऱ्याकडे गेल्या. भाव फार आला नाही. टेम्पोचे भाडे निघाले आणि मदरशाच्या वीजबिलापुरते उरले.

त्या जूनमध्ये रजिस्टर आम्हीच भरत होतो. रकान्यापाशी आल्यावर आम्ही त्याच्याकडे पाहिले. “लिहा सर,” तो म्हणाला, “चमड्याचं काम. धारावी.”